नाताळचे हिम आणि सिमला ऑफिस

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की देशभरच्या सरकारी कचेऱ्यांतून शुभेच्छांची देवघेव सुरू होते. पूर्वी त्या टपालाने येत, आता बहुतांशी हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर येतात. परंतु चित्र बदललेले नाही. उतरत्या छपराचे एक लाकडी घर, छपरावर वीतभर हिम, खिडकीत पिवळा उजेड, अंगणात देवदाराचे पांढरे झालेले झाड. पाठविणारा तिरुवनंतपुरमचा असतो, घेणारा नागपूरचा असतो, आणि त्या दोघांनीही जन्मात हिम पाहिलेले नसते. तरीही चित्र विसंगत आहे असे कोणास वाटत नाही. नाताळ म्हणजे हिम, हे समीकरण आपण निमूटपणे मान्य केलेले आहे.

हे समीकरण कितपत खरे आहे, हा प्रश्न वरवर पाहता आपल्या विषयाबाहेरचा. परंतु आम्ही घरापासून दूर नोकरी करणारी माणसे अशाच कसल्यातरी चित्रांवर जगत असतो. सणाचे एक हवामान मनात ठरून गेलेले असते, आणि बदलीच्या गावी ते मिळाले नाही की सण फिका वाटतो. ते मनातले हवामान गावी तरी दरवर्षी होते काय, हे मात्र आपण कधी तपासून पाहत नाही. इंग्रज लोकांनी आपल्या नाताळपुरते ते तपासले आहे. म्हणून त्यांची हकीकत प्रथम सांगतो.

मुळात ह्या सणाचा हिमाशी काही संबंध नाही. ख्रिस्तजन्माची कथा बेथलेहेमची. तेथे हिम पडते ते क्वचित, आणि बायबलातील कथेत तर मेंढपाळ रात्री उघड्या रानात कळप राखीत बसलेले आहेत. २५ डिसेंबर ही तिथी इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोममध्ये रूढ झाली. आपल्या मराठी मुलखात हा सण आला तो इंग्रजांबरोबर नव्हे, तर त्यांच्याही आधी आलेल्या पोर्तुगिजांबरोबर. ‘नाताळ’ हा आपला शब्दच पोर्तुगीज आहे. गोव्यात व वसईत तो रुजला तेव्हा त्याच्याबरोबर गव्हाणीतील बाळाचा देखावा आला, मध्यरात्रीची प्रार्थना आली. हिम आले नाही. ते पुढे इंग्रजी पुस्तकांतून आले. तेव्हा शोध घ्यावयाचा तो इंग्लंडातच.

इंग्लंडातील नाताळच्या हिमाचा विचार करताना पहिली गाठ पंचांगाशी पडते. १७५२ साली इंग्लंडने जुनी जूलियन कालगणना सोडून ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर म्हणून मोजला गेला. मधले अकरा दिवस पंचांगातून नाहीसे झाले. ह्याचा परिणाम असा की, जो नाताळ आजच्या हिशेबाने ५ जानेवारीच्या सुमारास येत असे, तो एकदम अकरा दिवस अलीकडे सरकला. इंग्लंडातील खरा हिवाळा जानेवारी-फेब्रुवारीत भरास येतो. डिसेंबरात सभोवारचा समुद्र उन्हाळ्यातील ऊब अद्याप धरून असतो, आणि पश्चिमेचे वारे ती ऊब घेऊन जमिनीवर येतात. त्यामुळे जे हिम व्हावयाचे त्याचा पाऊस होतो. सारांश, सरकारने एका कायद्याने नाताळ हिवाळ्याच्या मध्यावरून त्याच्या उंबरठ्यावर आणून ठेविला, आणि हिमाची शक्यता तेवढ्यानेच उणावली.

दुसरी गाठ काळाच्या थंडीशी. सुमारे सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात हवामान आजच्यापेक्षा थंड होते. अभ्यासक त्या कालखंडास लघुहिमयुग म्हणतात. त्या काळी लंडनची टेम्स नदी कधी कधी गोठत असे, आणि तिच्या पाठीवर जत्रा भरत. १६८३-८४ च्या हिवाळ्यातील जत्रा विशेष गाजली. बर्फावर दुकाने थाटली गेली, छापखाने मांडले गेले, आणि लोक आपल्या नावाची पत्रके आठवणीसाठी छापून घेऊ लागले. अशी शेवटची जत्रा १८१४ च्या फेब्रुवारीत भरली. पुढे १८३१ साली नवा लंडन पूल वाहतुकीस खुला झाला आणि अरुंद कमानींचा जुना पूल पाडण्यात आला. त्या कमानींनी अडणारे पाणी मोकळे वाहू लागले, आणि लंडनात टेम्सचे गोठणे संपले. हवामान बदलले हे खरे. पण पूल बदलला हेही तितकेच खरे. लोकांच्या स्मरणात मात्र ‘पूर्वी थंडी फार असे’ एवढेच राहिले.

ह्या थंड काळाच्या अखेरीस, १८१२ च्या फेब्रुवारीत, चार्ल्स डिकन्सचा जन्म झाला. १८१० ते १८१९ हे दशक इंग्लंडात विशेष थंडीचे ठरले. त्यातच १८१५ च्या एप्रिलात आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याच्या धुरळ्याने सूर्यप्रकाश मंदावला, आणि पुढील १८१६ हे वर्ष युरोपात ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ म्हणून ओळखले गेले. म्हणजे ज्या वयात सण मनावर कोरला जातो, नेमके त्याच वयात डिकन्सने इंग्लंडातील विलक्षण थंड वर्षे पाहिली. मोठेपणी, १८३६-३७ मध्ये, त्याने ‘पिकविक पेपर्स’मध्ये खेड्यातील नाताळ रंगविला तो हिमासह, आणि १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘ए ख्रिसमस कॅरल’मध्ये लंडनचा नाताळ रंगविला तोही हिमासह. ह्या छोट्या पुस्तकाच्या सहा हजार प्रती नाताळपूर्वीच संपल्या. एका माणसाच्या बालपणातील हवामान अशा रीतीने एका राष्ट्राचे, आणि पुढे जगाचे, सणाचे हवामान होऊन बसले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच १८४३ साली हेन्री कोल नावाच्या इंग्रज सरकारी अधिकाऱ्याने पहिले छापील नाताळपत्र काढविले. चित्रकार होता जॉन कॅलकॉट हॉर्स्ली. त्या पत्रावर एक कुटुंब मेजाभोवती बसून मद्याचे पेले उंचावीत आहे, आणि दोन्ही बाजूंस गरिबांना अन्नवस्त्र देण्याची चित्रे आहेत. त्यात हिमाचा कणही नाही. म्हणजे हिम हे शुभेच्छापत्राचे जन्मलक्षण नव्हे. डिकन्सच्या कथांनी लोकांच्या मनात घर केल्यानंतर चित्रकारांनी ते हळूहळू त्यावर पाडले, आणि एकदा पडलेले हिम आजतागायत वितळलेले नाही.

आता नोंदी काय सांगतात ते पाहू. कोणत्याही प्रकरणात आधी व्याख्या मागावी, ही आम्हां कारकुनांची सवय; आणि येथे ती उपयोगी पडते. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत कोणत्याही वेळी हिमाचा एक कण पडताना दिसला की नाताळ ‘शुभ्र’ झाला. ह्या व्याख्येने मोजल्यास १९६० पासूनचे निम्म्याहून अधिक नाताळ शुभ्र ठरतात, कारण स्कॉटलंडच्या डोंगरात कुठेतरी एखादा कण पडतोच. परंतु शुभेच्छापत्रावरचे हिम म्हणजे पडता पडता विरणारा कण नव्हे. ते जमिनीवर साचलेले हिम होय. देशातील चाळीस टक्क्यांहून अधिक ठाण्यांवर सकाळी नऊ वाजता जमिनीवर हिम आहे, अशी कसोटी लावली तर १९६० नंतर असे नाताळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात: १९८१, १९९५, २००९ आणि २०१०. ह्यांपैकी २०१० चा सर्वांत भरघोस. त्या दिवशी त्र्याऐंशी टक्के ठाण्यांवर हिम साचलेले होते. अमेरिकेत तर व्याख्याच निराळी. तेथे २५ डिसेंबरच्या सकाळी जमिनीवर निदान एक इंच हिम असावे लागते; वरून पडले की नाही ह्यास महत्त्व नाही. एकच सण आणि एकच पदार्थ. पण कोणता नियम लावला त्याप्रमाणे ‘शक्यता’ निम्म्याहून अधिकही होते आणि पंधरा-सोळा वर्षांतून एकदा इतकी थोडीही होते.

डिकन्सच्या हिमावर पुढे अमेरिकेने आपला एक थर चढविला. १९४२ साली अर्व्हिंग बर्लिन ह्या गीतकाराचे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गीत बिंग क्रॉस्बीच्या आवाजात प्रसिद्ध झाले. बर्लिन हा रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेला ज्यू. त्याचा सण नाताळ नव्हता. उलट १९२८ साली ऐन नाताळच्या दिवशी त्याचा काही आठवड्यांचा मुलगा वारला होता. गीताच्या आरंभी एक कडवे होते, जे पुढे सहसा गायिले जात नाही. त्यात गाणारा माणूस कॅलिफोर्नियाच्या उन्हात बसून उत्तरेच्या हिमाची आठवण काढतो. गीत निघाले तेव्हा महायुद्ध चालू होते, आणि प्रशांत महासागरातील उष्ण बेटांवर पडलेल्या अमेरिकन सैनिकांनी ते डोक्यावर घेतले. पुढे २९ एप्रिल १९७५ रोजी सायगाव शहर सोडून जाण्याची गुप्त खूण म्हणून अमेरिकन नभोवाणीने हेच गीत लावले. व्हिएतनामच्या ऐन उन्हाळ्यात! नाताळच्या हिमाची खरी ओढ कोणास असते, हे ह्यावरून कळावे. ती हिमात राहणाऱ्यास नसते. हिमात राहणारा वाट साफ करण्यासाठी फावडे शोधीत असतो. ती ओढ घर सोडून दूर गेलेल्यास असते.

हिंदुस्थानातील साहेबलोक हे असेच घर सोडून आलेले. १८६४ पासून सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे बावीसशे मीटर उंचीचे हे गाव त्यांनी आपल्या मनातील इंग्लंडासारखे सजविले: उतरती छपरे, टोकदार शिखराचे चर्च, धुराडी. शुभेच्छापत्रावरचे सगळे काही तेथे होते. परंतु शरद ऋतू सरला की सरकारचे बिऱ्हाड हलत असे. साहेब, फायली, कारकून आणि चपराशी असा सारा लवाजमा खाली उतरून आधी कलकत्त्यास, आणि १९११ साली राजधानी हलविण्याची घोषणा झाल्यानंतर दिल्लीस जात असे. म्हणजे हिम पडावयाच्या सुमारास सरकार मैदानात, आणि सरकार वर असे तेव्हा हिम नाही! उत्तर हिंदुस्थानात ज्यास ‘बडा दिन’ म्हणतात तो सण बहुतेक साहेबांनी गोड उन्हात, झेंडूच्या माळांत साजरा केला. आणि मायदेशी पत्रे लिहिताना हिमाची आठवण काढली.

बरे, हे लोक सिमल्यास राहिले असते तरी त्यांना हिम हमखास मिळाले असते असे नाही. तेथील हिवाळी हिम पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असते. भूमध्य समुद्राकडून निघालेले हे वादळी पट्टे इराण-अफगाणिस्तानावरून येऊन हिमालयास थडकतात. ते ठरावीक तारखेस येत नाहीत, आणि त्यांचा जोर डिसेंबरापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत अधिक असतो. म्हणून नाताळच्या सुटीत खोल्या भरतात, पण हिम पुष्कळदा सुटी संपल्यावर येते. २०१६ साली २५ डिसेंबरला सिमल्यात हिम पडले, तेव्हा सुमारे पंचवीस वर्षांनी असा योग आला म्हणून वृत्तपत्रांनी त्याची मोठी बातमी केली. ज्याची बातमी होते ते नित्याचे नसते, हे सांगावयास नको.

येथवर हिम हे हौसेचे होते. परंतु ह्याच हिमाकडे सरकारने एके काळी फार निराळ्या नजरेने पाहिले, आणि त्या गोष्टीचा आपल्या मुलखाशी निकटचा संबंध आहे. १८७५ साली हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापिले व हेन्री ब्लॅनफर्ड ह्यास त्याचा मुख्य नेमले. पुढच्याच वर्षी पाऊस गेला, आणि १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्याच्या कथा आपल्याकडे सोलापूर-नगर-साताऱ्याच्या घराघरांतून पुढील दोन पिढ्या सांगितल्या गेल्या. पावसाचा अंदाज आधी सांगता येईल काय, अशी विचारणा सरकारने ब्लॅनफर्डकडे केली. त्याने आपल्या नोंदी चाळल्या, आणि त्याचे लक्ष हिमालयातील हिमावर गेले. पश्चिम हिमालयात हिम अधिक व उशिरापर्यंत साचले की पुढील मोसमी पाऊस दुबळा होतो, असे अनुमान त्याने १८८४ साली मांडले. आणि १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज नियमाने निघू लागले. हा संबंध ब्लॅनफर्डला वाटला तितका सरळ नाही, हे पुढे दिसून आले. परंतु विचाराची दिशा पाहावी. ज्या हिमाची इंग्रज कादंबरीकाराने शोभा केली, त्याच हिमात एका इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या शेतकऱ्याचे भवितव्य वाचण्याचा प्रयत्न केला.

१९०५ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्यास गेले. १९०४ ते १९२४ ह्या काळात गिल्बर्ट वॉकर हा गणिती त्याचा प्रमुख होता. त्याने जगभरच्या ठाण्यांवरील वायुभार, उष्णता व पाऊस ह्यांचे आकडे गोळा करून एकमेकांशी ताडून पाहिले. हे काम यंत्राचे नव्हते, कारण तशी यंत्रेच नव्हती. त्याच्या हाताखालील हिंदी कारकुनांनी आकडे मांडून, गुणून, बेरजा करून ते केले. त्यातूनच प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभार तागडीच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो, हा शोध लागला. आजही मोसमी पावसाचा अंदाज करताना त्याचा विचार केला जातो. कीर्ती वॉकरची झाली, आणि ती रास्त आहे. तरीपण ज्यांच्या बोटांना शाई लागली त्यांची आठवण आम्हांसारख्यांनी नाही काढायची तर कोणी काढायची?

१९२८ साली हे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरास त्याची दगडी इमारत उभी राहिली. १९४४ मध्ये मुख्य कचेरी दिल्लीस गेली. परंतु पुणेकरांनी जे नाव ठेविले ते गेले नाही. आजही तेथील चौकास ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि बसमधील उतारू ते नाव घेऊन तिकीट मागतात. सिमल्याचे हिम पुण्यास आले नाही. हिमाची नोंदवही मात्र आली. दोहोंपैकी काय अधिक मोलाचे, ह्याविषयी आमचे मत वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

आता इतका वेळ बाजूस ठेविलेला आपला प्रश्न घेऊ. नाताळास जसे हिम, तशी दिवाळीस पहाटेची थंडी. बंबातील कढत पाणी, उटण्याचा वास, पायाखाली फुटणारे कारीट, आणि अंगावर शहारा. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनातील दिवाळी बहुधा अशीच असते. आणि चेन्नईच्या पावसात वा विशाखापट्टणच्या दमट हवेत अभ्यंगस्नान करताना तो म्हणतो, ‘आमच्याकडे दिवाळीला अशी थंडी पडते म्हणता!’

पडते काय? येथेही पंचांगाचीच गाठ आहे. आपली तिथी चांद्रमासाची. अधिकमासाने ती सूर्याशी जुळवून घेतली जाते. म्हणून २०१७ साली लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते, आणि अधिक आश्विन आलेल्या २०२० साली ते १४ नोव्हेंबरला होते. दोहोंत सव्वीस दिवसांचे अंतर पडले. इंग्रजांचा नाताळ अकरा दिवसांनीच इतका बदलला होता. महाराष्ट्रातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो, आणि मागोमाग ऑक्टोबरचा उकाडा येतो. अशा दिवसांत आलेल्या दिवाळीस पुण्या-नाशकातही थंडी नसली तर नवल नाही. नोव्हेंबरच्या मध्यास आलेल्या दिवाळीस ती सहज मिळते. बालपणीच्या आठ-दहा दिवाळ्यांतून थंडीच्या तीन-चार आठवणी आपण जपून ठेविल्या, उरलेल्या घामाच्या सोडून दिल्या, आणि जपलेल्या तेवढ्या खऱ्या मानल्या. डिकन्सने निराळे काही केले नाही.

ह्याचा अर्थ आठवण खोटी असा मात्र नव्हे. डिकन्सचे हिम पडलेले होते. आपली थंडीही पडलेली होती. चूक होते ती एवढीच की, कधीतरी पडलेल्यास आपण नित्याचे समजतो, आणि मग ज्या गावी आपला पगार निघतो त्या गावास त्या मापाने मोजून कमी ठरवितो. तसे पाहिले तर ते गाव आपल्याला फसवीत नाही. जे हवामान त्याच्यापाशी आहे तेच ते देते, आणि आपली मुले तेच हवामान सणाचे म्हणून आठवणीत भरून घेत असतात. भुवनेश्वरात वाढणारी मराठी मुलगी पुढे कधी पुण्यास राहावयास गेली, तर दिवाळीच्या पहाटे तिला कोरडी थंडी परकी वाटेल, आणि ओल्या मातीचा वास नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखे होईल. तिचे ते म्हणणे आपल्या म्हणण्याइतकेच खरे असेल.

म्हणून वाचकांस एक सुचवावेसे वाटते. जो जेथे असेल त्याने येत्या दिवाळीच्या पहाटे स्नानापूर्वी उष्णतामापक पाहावा, आणि तारीख, तिथी, स्थळ व अंश एवढे चार रकाने एखाद्या वहीत भरून ठेवावे. पुढच्या वर्षी बदली झाली तर वही बरोबर न्यावी. वीस वर्षांनी मुलांनी विचारले की आपल्या दिवाळीस थंडी असे काय, तर त्यांना आठवण सांगावी, आणि शेजारी ती वहीही ठेवावी.